डिरेक्टरीचं झाड लावण्याआधी

संस्था पन्नास-साठ माणसांची होईपर्यंत कुणाचं काही अडत नाही. मेलचे पासवर्ड मेल सर्व्हरवर, वायफायचे राउटरमध्ये, हजेरीच्या सॉफ्टवेअरची स्वतःची वेगळी यादी, आणि कोण नोकरी सोडून गेलं हे कॉम्प्युटर विभागातल्या एका माणसाच्या डोक्यात. मग कधीतरी तो माणूसच नोकरी सोडतो. त्यानंतर सगळ्यांना पटतं की माणसांची नोंद एकाच ठिकाणी असावी आणि बाकीच्या यंत्रणांनी तिथे येऊन विचारावं. ते ठिकाण म्हणजे डिरेक्टरी, आणि तिला प्रश्न विचारण्याची जी रीत गेली तीस वर्षं चालत आली आहे ती एलडॅप.

सर्व्हर बसवायला एक दुपार पुरते. ओपनएलडॅप घ्या नाहीतर विंडोजची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी घ्या, पहिल्या काही मिनिटांतच विचारणा होते: झाडाचं मूळ काय ठेवायचं? बसवणारा घाईत असतो. तो काहीतरी टाइप करतो आणि पुढे जातो. पासवर्ड उद्या बदलता येतो, सर्व्हर पुढच्या वर्षी बदलता येतो. ती ओळ मात्र प्रिंटरच्या सेटिंगपासून पगाराच्या सॉफ्टवेअरपर्यंत पसरते, आणि लिहिणारा निवृत्त झाला तरी जागची हलत नाही. हे पुस्तक त्या ओळीबद्दल आणि तिच्याखाली येणाऱ्या मोजक्या ओळींबद्दल आहे. कमांडी आणि कॉन्फिगरेशन यात आहे, पण ते शेवटी.

डिरेक्टरीतली प्रत्येक नोंद झाडावर ठरावीक जागी असते. तिला एक छोटं नाव असतं, आरडीएन. तेच नाव त्याच फांदीवरच्या दुसऱ्या नोंदीला असता कामा नये, एवढीच त्याची अट. त्या नावापुढे वरच्या फांदीचं नाव, त्यापुढे तिच्याही वरच्या फांदीचं, असं मुळापर्यंत लिहीत गेलं की पूर्ण नाव तयार होतं, म्हणजे डीएन. ‘यूआयडी=सचिन७,ओयू=पीपल,डीसी=उदाहरण,डीसी=इन’ हा एक डीएन. पाकिटावरच्या पत्त्यासारखा तो लहानाकडून मोठ्याकडे वाचायचा: आधी माणूस, मग गल्ली, मग गाव. पण घर बदललं तर ओळखीचा पोस्टमन पत्र नव्या घरी पोचवतो. डीएन बदलला, की जिथे जिथे जुना लिहून ठेवलेला आहे तिथे तिथे तो माणूस नाहीसा होतो. गटाच्या सदस्ययादीत डीएन असतात, परवानग्यांच्या नियमांत डीएन असतात, आणि बाहेरची कितीतरी सॉफ्टवेअर पहिल्या लॉगिनच्या वेळी मिळालेला डीएन आपल्या डेटाबेसमध्ये कायमचा टिपून ठेवतात. म्हणून डीएनमध्ये जे घालाल ते बदलणारं नसावं. पुस्तकाचं सगळं म्हणणं एवढंच आहे. प्रकरणं वाढली ती मात्र संस्थेत न बदलणारं नेमकं काय असतं, हे शोधताना.

ही अडचण एलडॅपपेक्षाही जुनी आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची तेव्हाची सीसीआयटीटी ही समिती आणि आयएसओ यांनी मिळून १९८८ मध्ये एक्स.५०० हे मानक आणलं. कल्पना भव्य होती. साऱ्या जगाची एकच डिरेक्टरी, मुळाशी देश, देशाखाली संस्था, संस्थेखाली विभाग, विभागाखाली माणूस. सी, ओ, ओयू, सीएन ही आजही आपल्या तोंडी असलेली अक्षरं तिथली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्टीव्ह किल यांनी या मानकावर ‘क्विपू’ नावाचं सॉफ्टवेअर उभं केलं. इंका लोक गाठी मारलेल्या ज्या दोऱ्यांवर हिशेब ठेवत, त्यांचं हे नाव. क्विपूच्या सर्व्हरांना दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्यांची नावं द्यायचा प्रघात होता. वरवर गंमत वाटते, पण मला त्यात शहाणपण दिसतं. प्राण्याच्या नावात खातं नसतं, गाव नसतं, साहेबाचं पद नसतं. मशीन या इमारतीतून त्या इमारतीत गेलं तरी नाव खोटं पडत नाही.

संस्थांच्या नावांना ही मोकळीक नव्हती. अमेरिकेत ‘सी=यूएस’च्या खाली थेट आपलं नाव लावायचा हक्क कुणाचा, यावर बराच खल झाला. एकाच नावाच्या दोन कंपन्या दोन राज्यांत कायदेशीरपणे नोंदलेल्या असू शकतात, मग देशपातळीवर ते नाव कुणाचं? देशाखाली नावं वाटून देणारी सर्वमान्य यंत्रणा हवी, तीच नीट उभी राहिली नाही. जगाची एक डिरेक्टरी झाली नाही याची कारणं आणखीही आहेत. एक्स.५०० चा मूळ प्रोटोकॉल ओएसआयचा सगळा डोलारा अंगावर घेऊन चालायचा, आणि तेव्हाच्या साध्या पीसीला तो पेलत नव्हता. मिशिगन विद्यापीठातले टिम हाउस यांनी किल आणि वेंगयिक यॉंग यांच्याबरोबर जुलै १९९३ मध्ये आरएफसी १४८७ लिहिलं, ते या ओझ्यावरचा उतारा म्हणून. टीसीपी-आयपीवरून चालणारा हा हलका प्रोटोकॉल आधी नुसता एक्स.५०० च्या दारापर्यंत नेणारा होता. पुढे मिशिगनमध्येच ‘स्लॅपडी’ हा स्वतंत्र सर्व्हर तयार झाला आणि मागच्या बोजड यंत्रणेची गरज उरली नाही. डिसेंबर १९९७ मध्ये तिसरी आवृत्ती आली. आज आपण वापरतो ती हीच, जून २००६ च्या आरएफसींमध्ये नीट लावून लिहिलेली.

प्रोटोकॉल हलका झाला, नावांची रीत मात्र जुनीच राहिली. त्यावर तोड निघाली ती जानेवारी १९९८ च्या आरएफसी २२४७ मध्ये. इंटरनेटवरची डोमेन नावं वाटणारी यंत्रणा आधीच चालू होती आणि एक नाव दोघांना मिळत नव्हतं. मग तीच नावं तुकडे करून झाडाच्या मुळाशी लावा, ‘डीसी=उदाहरण,डीसी=इन’. देश, राज्य, नोंदणी कार्यालय यांचा वाद एका फटक्यात बाजूला पडला. ‘ओ=अमुक,सी=आयएन’ अशी मुळं अजून काही जुन्या ठिकाणी दिसतात. त्यांनी काही बिघडत नाही, पण नवीन झाडाला ती लावू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

डोमेनचं मूळ लावलं म्हणजे संकट टळलं असं मात्र नाही. डोमेन कुठलं, हा प्रश्न उरतोच. एक काळ असा होता की ऑफिसच्या आतल्या जाळ्यासाठी ‘डॉट लोकल’वर संपणारं मनचं नाव ठेवायची पद्धत सर्रास होती. विकत घ्यावं लागत नाही, बाहेर दिसत नाही, झकास. फेब्रुवारी २०१३ च्या आरएफसी ६७६२ ने ‘डॉट लोकल’ हे नाव मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवलं. नोव्हेंबर २०१५ नंतर प्रमाणपत्रं देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांनी असल्या खासगी नावांना प्रमाणपत्र देणंही बंद केलं. झाड जागच्या जागी उभं होतं, पायाखालची जमीन दुसऱ्याची निघाली. तेव्हा डोमेन स्वतःच्या मालकीचं हवं, त्याचं नूतनीकरण संस्थेच्या नावाने होणारं हवं, आणि त्यात या वर्षीच्या जाहिरातीतला ब्रँड नको.

चांगलं मूळ कसं टिकतं याचं उदाहरण पुण्यातच आहे. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. पाट्या बदलल्या, पदव्यांवरचं नाव बदललं. ‘युनिपुणे डॉट एसी डॉट इन’ हे डोमेन चालूच राहिलं. आता अशा संस्थेच्या डिरेक्टरीचं मूळ ‘ओ=युनिव्हर्सिटी ऑफ पुणे’ असतं तर नामविस्तारानंतर प्रत्येक विद्यार्थ्याचा डीएन जुन्या नावाची पाटी मिरवत राहिला असता. ‘डीसी=युनिपुणे,डीसी=एसी,डीसी=इन’ला तसं काहीच होत नाही. संस्थेचं पूर्ण, मानाचं नाव त्याच नोंदीवर अ‍ॅट्रिब्यूट म्हणून लिहावं, तिथे ते हवं तितक्या वेळा बदलता येतं.

मुळाखाली काय, इथे खरा मोह सुरू होतो. कागद पुढे ओढला की हात आपोआप संस्थेचा तक्ता काढू लागतो: संचालक, त्याखाली चार विभाग, विभागाखाली उपविभाग. साहेबांना दाखवला की साहेब खूष, कारण झाड ऑफिससारखं दिसतं. आणि तेच वाईट आहे. ऑफिसातला तक्ता दर नव्या संचालकाबरोबर बदलतो. लेखा आणि खरेदी एकत्र होतात, वर्षभराने पुन्हा वेगळे होतात. माणसांच्या बदल्या होतात. झाड तक्त्यावर बेतलं असेल तर प्रत्येक बदली म्हणजे एक नवा डीएन. एलडॅपच्या दुसऱ्या आवृत्तीत नोंद एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेण्याची सोयच नव्हती, फक्त टोकाचं नाव बदलता यायचं. तिसऱ्या आवृत्तीत सोय आली, तरी ओपनएलडॅपचा जुना बीडीबी बॅकएंड आख्खी फांदी हलवायला नकार देत असे. आजचा एमडीबी बॅकएंड ते करतो. पण सर्व्हर करू शकतो म्हणून आपण करावं असं नाही. बाहेर टिपून ठेवलेल्या डीएनांना त्याचा पत्ता नसतो.

भूगोलाचा मोह त्याच जातीचा. शाखा अनेक गावांत असलेल्या बँकेला किंवा सहकारी संस्थेला वाटतं, निदान जिल्हे तरी जागचे हलत नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर निघाला. त्याआधी १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया निघाले होते. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. ‘ओयू=ठाणे’खाली लावलेल्या वसई आणि डहाणूच्या माणसांचं काय करायचं, यावर मग बैठक बसते. जिल्हा, शाखा, विभाग, पद ही सगळी माहिती नोंदीच्या अ‍ॅट्रिब्यूटांमध्ये असावी. ‘लेखा विभागातली सगळी माणसं’ हवी असतील तर फांदी कशाला हवी? फिल्टर लावून शोधायचं. त्या अ‍ॅट्रिब्यूटवर इंडेक्स असला की उत्तर लगेच येतं. शोध वेगाने व्हावा म्हणून फांद्या पाडतो असं सांगणारे लोक भेटतात, त्यांनी आपला इंडेक्स एकदा तपासून पाहावा.

सपाट झाडाचा हा आग्रह माझा शोध नव्हे. मे १९९४ च्या आरएफसी १६१७ मध्ये, एक्स.५०० चे प्रयोग चालू असतानाच, झाड होईल तितकं सपाट ठेवा म्हणून सांगितलेलं आहे. तीस वर्षांनीही तक्ता काढणारे हात थांबलेले नाहीत.

मग फांदी पाडायची तरी कधी? नोंदींची जातच वेगळी असेल तेव्हा: माणसं एकीकडे, गट दुसरीकडे, सर्व्हरांची आणि सॉफ्टवेअरची खाती तिसरीकडे. कारभार खरोखर वेगळ्या हाती द्यायचा असेल तेव्हाही, उदाहरणार्थ एका महाविद्यालयाच्या नोंदी तिथल्याच माणसाने सांभाळायच्या आणि इतरांच्या नोंदींना त्याने हात लावायचा नाही. परवानग्यांचे नियम फांदीवर लावणं सोपं जातं, ते कारण खरं आहे. तिसरं, झाडाचा एखादाच भाग दुसऱ्या गावच्या सर्व्हरवर नेऊन ठेवायचा असेल तेव्हा. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत आणखी एक कारण मिळतं: ग्रुप पॉलिसी ओयूवर लागते, त्यामुळे प्रयोगशाळेतले पीसी आणि काउंटरवरचे पीसी वेगळ्या ओयूत ठेवावेच लागतात. पण तिथेही फांदी पॉलिसीसाठी पडते, तक्त्यातल्या चौकटीसाठी नाही.

फांदीचं नाव काय ठेवावं यावर फार वेळ घालवू नका. ‘पीपल’ ठेवा, ‘युजर्स’ ठेवा. फक्त एकवचन की अनेकवचन हे एकदाच ठरवा. ‘ओयू=ग्रुप’ आणि ‘ओयू=ग्रुप्स’ या दोन्हींनी मिळून किती रात्री खाल्ल्या असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही.

आता माणसाचं नाव. इथे थोडं थांबावं लागेल, कारण परदेशी पुस्तकांत हा भाग आपल्या उपयोगाचा लिहिलेला नसतो.

एलडॅपमध्ये ‘पर्सन’ या वर्गाच्या नोंदीला दोन गोष्टी सक्तीच्या आहेत, सीएन म्हणजे सर्वसाधारण नाव आणि एसएन म्हणजे आडनाव. सीएनलाच आरडीएन करायची जुनी रीत एक्स.५०० पासूनची, आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी तर आजही माणसाच्या नोंदीला सीएनच लावते. मराठी मुलखात हे लगेच अडतं. एका कारखान्याच्या पटावर सचिन पाटील किती निघतील? एका ओयूत दोघं बसत नाहीत, म्हणून दुसरा ‘सचिन पाटील २’ होतो आणि पुढे आयुष्यभर आपण दुसरे का, असं विचारत राहतो. शिवाय नाव बदलतं. लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत मुलीचं पहिलं नावही बदलतं. राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलणारे असतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आपलं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम महाराष्ट्र सरकारने ठरवला आहे. ती मुलं नोकरीला लागतील तेव्हाही आज लावलेलं झाड उभं असू शकतं. मधल्या नावाला ‘आयनेटऑर्गपर्सन’ या प्रचलित वर्गात स्वतंत्र जागा नाही, तिथे आईवडिलांची दोन नावं कुठे बसवणार?

उत्तर असं की नावाला आरडीएनमधून पूर्ण मोकळं करावं. सीएनला एकाहून अधिक किमती देता येतात. ‘स्नेहल कुलकर्णी’, ‘स्नेहल विजय कुलकर्णी’, ‘स्नेहल देशमुख’ हे सगळं एकाच नोंदीवर सुखाने नांदू शकतं आणि कुठल्याही नावाने शोधलं तरी माणूस सापडतो. आडनाव न लावणारे सहकारी असतात. त्यांच्या एसएनमध्ये नुसती टिंबं टाकण्यापेक्षा आहे तेच एक नाव पुन्हा लिहावं. आरडीएन म्हणून यूआयडी ठेवा, आणि तो यूआयडी आडनावावरून किंवा खात्यावरून बनवू नका. कर्मचारी क्रमांक वापरावा का? कंत्राटी माणूस कायम झाला की बहुतेक ठिकाणी त्याला नवा क्रमांक मिळतो, तेव्हा तोही अ‍ॅट्रिब्यूटमध्येच बरा. आधार क्रमांक किंवा मोबाइल नंबर तर आरडीएनमध्ये कधीच नको. डीएन प्रत्येक लॉगमध्ये उघडा छापला जातो, आणि बंद झालेला मोबाइल नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच कुणाला दिला जातो. सर्व्हर प्रत्येक नोंदीला आपणहून ‘एन्ट्रीयूयूआयडी’ देतो, तो नाव बदलो वा फांदी बदलो, तसाच राहतो. नवं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी डीएनऐवजी तो टिपावा. सगळे तसं करत असते तर या पुस्तकाची निम्मी पानं वाचली असती.

देवनागरीचं काय, असा प्रश्न नेहमी येतो. तिसऱ्या आवृत्तीत डीएन यूटीएफ-८ मध्ये असतो, म्हणजे ‘सीएन=कऱ्हाडे’ लिहायला तांत्रिक आडकाठी नाही. मी तरीही लिहू देत नाही, आणि कारण याच आडनावात आहे. त्यातला ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्ता असलेला ऱ आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारा जोडकोड. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तुलना करण्याआधी अक्षरं कशी सारखी करून घ्यायची याचे नियम आरएफसी ४५१८ मध्ये आहेत. त्यांप्रमाणे न दिसणारा कोड गळून पडतो आणि नुक्ता राहतो. म्हणजे सर्व्हरच्या लेखी ही दोन वेगळी आडनावं झाली. गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडपांडे या सगळ्यांची हीच कथा. म्हणून डीएन रोमन अक्षरांत आणि अंकांत ठेवावा, देवनागरी नाव अ‍ॅट्रिब्यूटमध्ये. त्यासाठी जुलै २००४ च्या आरएफसी ३८६६ ने भाषेची खूणही दिलेली आहे: ‘सीएन;लॅंग-एमआर’ लिहिलं की ती किंमत मराठीतली आहे हे कळतं. भरण्याच्या फॉर्ममध्येच अक्षरं एका रीतीने करून घ्यायची, म्हणजे कऱ्हाडे एकच राहतात.

गटांबद्दल थोडक्यात. खातं आणि पद अ‍ॅट्रिब्यूटमध्ये गेलं, फांद्या कमी झाल्या, की ‘कुणाला काय पाहता येईल’ हे गटांवर येतं. एक माणूस अनेक गटांत असू शकतो, झाडावर मात्र एकाच जागी बसतो. तक्त्याच्या झाडाला हे कधीच जमत नाही. दोन किरकोळ काटे लक्षात ठेवा. ‘ग्रुपऑफनेम्स’मध्ये निदान एक सदस्य असावाच लागतो, त्यामुळे रिकामा गट तयार करता येत नाही. आणि सदस्याचा डीएन बदलला तर ओपनएलडॅप गटातलं नाव आपणहून दुरुस्त करत नाही, त्यासाठी ‘रेफिंट’ ओव्हरले बसवावा लागतो. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आपल्या आतले दुवे स्वतः सांभाळते, बाहेरच्यांचे नाही.

सोडून गेलेल्या माणसाची नोंद ‘ओयू=माजी’मध्ये नेण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. मला ती आवडत नाही, कारण परत आलेल्या माणसाला पुन्हा हलवावं लागतं. नोंद आहे तिथेच ठेवून खातं बंद असल्याची खूण करावी, आणि त्याचा यूआयडी पुन्हा कुणालाही देऊ नये. नव्या माणसाला जुना यूआयडी दिला की जुन्याच्या फाइल आणि गटांतल्या जागाही त्याला मिळतात, न मागता.

पहिल्या प्रकरणाला कॉम्प्युटर लागत नाही. आस्थापना विभागाकडून गेल्या दहा वर्षांतल्या बदल्यांच्या ऑर्डरी मागवा. किती खाती एकत्र झाली, किती बंद झाली, किती शाखा हलल्या, किती जणांची नावं बदलली, हे त्यांतून काढा. मग तुम्ही मनात योजलेलं झाड शेजारी काढून, प्रत्येक ऑर्डरीसरशी किती डीएन बदलले असते ते समासात लिहीत जा.